कार्ब फेकू नका राव!

"अरे नवीनच टाक ना, कशाला घासत बसतोस?" हा सल्ला मला गेल्या दोन वीकेंडला किमान सात जणांनी दिला. त्यातले सहा जण इंजिनिअर आहेत. म्हणून हे लिहायला बसलोय.

तर प्रकरण असं. पवनारला मामाकडे १९९४ ची मारुती जिप्सी आहे. ९७० सीसीवाली, कार्ब्युरेटरची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. (जिप्सी आपल्याकडे १९८५ मध्ये आली, १३०० सीसीचं इंजिन १९९६ मध्ये. इंजेक्शन त्याच्याही नंतर.) पावसाळ्यात शेताच्या वाटेवर काळ्या मातीचा जो चिखल होतो, त्यात भल्याभल्या एसयूव्ही रुतून बसतात आणि ही हलकीशी गाडी फोर-व्हील टाकून आरामात निघून जाते. पण मामाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी आठ महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. मग काय, सुरूच होईना. झालीच तर चोक ओढल्याशिवाय टिकेना.

कार्ब उघडला. फ्लोट बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी, पितळी जेट हिरवे पडलेले, नीडल चिकटून बसलेली. कार्बची बॉडी जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, त्यामुळे ती लोखंडासारखी तांबडी गंजत नाही, पांढरी पडते.

हे होतं पाण्यामुळे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं, नेमकं जिथे मेन जेट असतो तिथे! आता सगळं खापर इथेनॉलवर फोडणं बरोबर नाही. साधं पेट्रोलही आठ महिने उभं राहिलं की त्याचा डिंक होतो. तीस वर्षांची गाडी, वर विदर्भातला पावसाळा... एका कार्बवरून निकाल देता येत नाही.

वर्ध्याच्या एका जुन्या मेकॅनिकचाचांना दाखवला. त्यांनी नखाने बाऊल खरवडला आणि म्हणाले, "फेकता कायले? जिवंत हाये ना अजून." मग मला कामाला लावलं. सगळे रबरी भाग काढून बाकीचं क्लीनरमध्ये भिजवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, प्रत्येक भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारायची. जेटमध्ये तार घालायची नाही म्हणजे नाही. त्या भोकाचं माप हीच कार्बची सगळी अक्कल, तारेने ते कणभर मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं. दोन जेट तरीही उघडेनात, ते चाचांनी ओळखीच्या सराफाकडे दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकून आणले. (हा जुगाड मला फारच आवडला.) नवी नीडल, नवे गॅस्केट, फ्लोटची लेव्हल, आयडलचा स्क्रू. क्लीनर आणि किट धरून सामानाचा खर्च हजाराच्या आत. विनोबांनी १९५० मध्ये याच गावात कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता, तेवढं काही आम्हाला जमलं नाही. असो.

स्वस्तातला नवा डुप्लिकेट कार्ब बसतो खरा, पण त्याचे जेट या इंजिनसाठी मोजलेले असतीलच असं नाही. आपण ऑफिसात बघतोच, चालणारा जुना कोड न वाचता "रीराईट करू" म्हणणारे शेवटी तेच बग पुन्हा लिहितात.

आता माझा खरा मुद्दा. २०२५ मध्ये देशाने २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं, मूळच्या २०३० च्या पाच वर्षं आधी. इथेनॉलला माझा विरोध नाही. आयात तेल वाचतं, शेतकऱ्याला पैसा मिळतो. पण पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बला सेन्सर नाही, भोक ठरलेलं. म्हणजे ई२० वर जुनी गाडी उपाशी चालते, आणि तिचे जुने रबरी होज तर या इंधनासाठी बनलेलेच नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असं लिहिलंय, आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० चालू ठेवावं असंही. ते ई१० गावातल्या पंपावर कुठे आहे? इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. ठीक आहे, ते मिळणार नाही असं धरून चालू. पण निदान ई१० चा एक नोझल? पुण्यात माझे मित्र म्हणतात, गाडी बदला. शेतातली एम-८०, लुना, जुनी जिप्सी बदलायला ईएमआय कोण भरणार, ते मात्र कोणी सांगत नाही.

तोवर आमचा उपाय साधा आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पंपाकडे येणारा पेट्रोलचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे बाऊल बराचसा रिकामा होतो. मामाने हे खडूने गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलंय. पुढच्या खेपेला सगळे होज बदलायचे आहेत. पुण्याहून आठ मिलिमीटरचा, इथेनॉलला टिकणारा होज कोणी आणून देणार असेल तर सांगा, दोन मीटर लागेल.