नटाचे फेरे किती?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आपांकडे इंग्लंडला गेलो होतो. आपांचे घर रत्नागिरीहून तिकडे जाऊन पुष्कळ वर्षे झाली. भाचा तिथलाच. त्याने पगारातून साठवून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे, १९९३ ची माझदा एमएक्स-५. दोनच माणसे बसतात, छप्पर मागे दुमडते. जपानी कंपनीने ही गाडी १९८९ मध्ये काढली आणि इंग्लंडमधल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. माशाअल्लाह, दिसते मात्र देखणी.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी भाच्याने मोठ्या कौतुकाने चाके दाखवली. "मामू, आधी चाकं मडगार्डच्या आत दडलेली दिसायची. आता कशी बाहेर आलीत!" त्याने हब आणि चाक यांच्यामध्ये दहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती बसवली होती. तिला स्पेसर म्हणतात. रविवारी याच गाडीतून तो आपांना समुद्रावर नेणार होता.

गाडीतले आम्हाला फारसे कळत नाही, पण आम्ही शाळेत गणित शिकवतो. आम्ही सहज विचारले, "चाक दहा मिलिमीटर बाहेर आलं, मग ज्या स्टडवर नट बसतो तो तेवढा लांब केलास का?"

"नट तर घट्ट बसलाय, मामू."

"किती फेऱ्यांत?"

त्याने मोजले नव्हते. या गाडीचे स्टड बारा मिलिमीटर व्यासाचे आणि आटे दीड मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे नटाचा एक फेरा दीड मिलिमीटर. स्टडच्या व्यासाइतके तरी आटे नटात गुंतावेत, असा साधा ठोकताळा आहे. बारा भागिले दीड, आठ फेरे. दहा मिलिमीटरची चकती घातली की त्यातले सहा-सात फेरे गेलेच. आम्ही एक नट सैल करून त्याच्याकडून मोजून घेतले. स्पेसर नसताना अकरा फेरे बसायचे. स्पेसर घातल्यावर जेमतेम चार.

पोरगा गप्प झाला. या चकत्यांवर तो आठवडाभर मोटरवेवरून फिरला होता.

घट्टपणा हाताला जाणवतो, पण आटे किती धरून आहेत ते जाणवत नाही, फसगत होते ती इथेच. चाक स्टडवर टांगलेले असते असा आपला समज असतो. खरे तर नट चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे जे घर्षण होते तेच गाडीचा भार पेलते. दोन्ही तळहातांमध्ये पुस्तकांची चळत आडवी दाबून उचलून पाहा. दाब असेपर्यंत मधले एकही पुस्तक खाली पडत नाही. तळहात जरा सैल झाले की सगळी चळत जमिनीवर. चार फेऱ्यांवर धरलेला नट म्हणजे असाच थकलेला हात. आटे सोलले जातात, नाहीतर दाब कमी होऊन चाक हलू लागते आणि स्टड वाकून वाकून तुटतो.

त्याच संध्याकाळी मगरिबनंतर चकत्या निघाल्या. भाच्याने पंधरा मिलिमीटर जास्त लांबीचे सोळा स्टड मागवले. जुने नट टोपीचे होते, तेही बदलले. ही गोष्ट आम्हाला नवीन होती. लांब स्टडचे टोक बंद नटाच्या आत टेकले, तर पाना अडतो, आपल्याला वाटते नट आवळला आणि चाक मात्र सैलच राहते. म्हणून आरपार भोकाचे नट, ज्यांतून स्टडचे टोक डोळ्यांना दिसते.

स्टड हबमध्ये मागच्या बाजूने दाबून बसवतात. त्यांच्या मानेवर बारीक दाते असतात, ते हबच्या भोकात रुततात. त्यांचे माप चुकले तर नट आवळताना स्टडही सोबत फिरतो. हे काम भाच्याने घरी हातोडीने न करता गॅरेजमध्ये प्रेसवर करून घेतले. आम्हाला बरे वाटले. मग हबवरचा गंज वायर ब्रशने घासून काढला, कारण गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर पुढे तो चुरा होऊन दाब उतरतो. चकतीला स्वतःची ५४.१ मिलिमीटरची कड होती, तिच्यावर चाक नेमके मधोमध बसते. ही एक गोष्ट त्याने आधीच पाहून घेतली होती, एवढे श्रेय द्यायला हवे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, शेवटी टॉर्क पान्याने ११० न्यूटन मीटर. कंपनी ८८ ते ११८ सांगते.

"विमा कंपनीला कळवलंस?" हेही आम्ही विचारून घेतले. तिकडे गाडीत असा बदल केला तर कळवावे लागते, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. नव्हते कळवले. दुसऱ्या सकाळी त्याने फोन केला.

आपल्याकडेही चाके बाहेर काढलेल्या जीप दिसतातच. आपला मोटार वाहन कायदा असे बदल सहज मान्य करत नाही, आणि त्यातल्या किती जणांनी फेरे मोजले असतील कोण जाणे. शिवाय चाक जितके बाहेर तितका बेअरिंगवर ताण जास्त, हे लांब स्टड घालूनही टळत नाही. भाच्यालाही आम्ही ते सांगितले. तो म्हणाला, "बेअरिंगवर लक्ष ठेवीन, पण चकत्या राहू द्या, मामू." आम्ही पुढे ताणले नाही.

समुद्राचा रविवार हुकला, पुढच्या रविवारी निघायचे ठरले. आपा दारात बुरखा सावरत उभ्या राहिल्या आणि गाडीत बसण्याआधी त्यांनी लेकाला विचारले, "फेरे किती?"

"चौदा, अम्मी."

"चारी चाकांचे?"

"सोळाही नट."

आपा बिस्मिल्ला म्हणून बसल्या. आम्ही मागून बसने गेलो, दोनच आसने ना. पोहोचलो तेव्हा किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये भाचा गुडघ्यांवर बसून पुन्हा टॉर्क पाना लावत होता, पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासायचे असतात म्हणून. आपा त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या आणि मोठ्याने नट मोजत होत्या.