मुरूम सरकारचा, मग पाणी कोणाचे?

जालना जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानातला मुरूम उपसून विकायला काढला, तर तलाठी दारी येऊन उभा राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ सांगते की, सनदेत वेगळे काही नसेल तर खनिज जमिनीवर असो वा पोटात, त्यावरील हक्क राज्य सरकारचा. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, स्वामित्वधन भरल्यावाचून सुटका नाही.

पण त्याच रानात शेजाऱ्याच्या विहिरीहून कितीतरी खोल बोअर घेऊन कोणी पाणी उपसले, तर? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने निश्चित प्रवाहात न वाहणारे भूगर्भातील पाणी जमीनमालकाच्या हवाली केले. कल्पना विलायतेची. लँकेशायरमधील एका सूतगिरणीची विहीर शेजारच्या कोळसाखाणीच्या उपशाने आटली. गिरणीवाला न्यायालयात गेला आणि १८४३ साली हरला. दोन मालकांच्या तंट्यात निघालेले ते तत्त्व आपल्या गावांच्या माथी बसले, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला त्यात जागाच उरली नाही.

जालन्याची भूमी काळ्या पाषाणाची. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. त्या भेगा बांध ओळखत नाहीत. म्हणून ज्याच्या खिशात पैसा, त्याची मोटर खोल जाते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर आटते. २०१२-१३ च्या दुष्काळात अंबड-बदनापूरकडील मोसंबीच्या बागा वाळल्या, कित्येकांनी त्या हाताने तोडल्या. बागवाल्याचे दुःख खरेच होते. परंतु टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभ्या असलेल्या शेतमजूर बाईचा त्या पाण्यावर कायद्याने कधीच हक्क नव्हता, याची वाच्यता फारशी झाली नाही. पुढे शेततळ्यांचे अनुदान आले. पावसाचे पाणी अडवण्यासाठी योजलेली ती तळी पुष्कळ ठिकाणी बोअरच्या पाण्याने भरली जातात, म्हणजे सर्वांच्या पाण्याची एकाची खासगी साठवण होते.

कायदा अगदीच झोपलेला नाही. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना बंदी घातली. त्या कलमाला बोअरच्या गाड्या किती भितात, हे गावोगावी रात्री कान देऊन ऐकावे!

दोष केवळ सरकारचा नाही. आपणही मोर्चे काढले ते विहिरीच्या कर्जासाठी आणि पंपाच्या स्वस्त विजेसाठी. त्या मागण्या न्याय्यच होत्या, पण त्या विहीर असलेल्याच्या होत्या.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत नेमके हेच सूत्र उलटे केले. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरला. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मज्जाव झाला. कर्ज-वीज मागणाऱ्या आपल्या निवेदनांत ही मागणी कधी पहिल्या क्रमांकावर आली नाही. जालन्यातील कार्यकर्त्यांनी ती आता ग्रामसभेत मांडावी, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद वाचला जाईल तेव्हा सातबारा नसलेल्या कुटुंबांचा रकाना त्यात कोठे आहे, असे उभे राहून विचारावे.