मेगापिक्सेलपेक्षा प्रकाश महत्त्वाचा

कॅमेरा घ्यायला दुकानात गेले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती मेगापिक्सेलचा आहे?’ आकडा मोठा तर कॅमेरा चांगला, अशी समजूत त्यामागे असते. नुसते वजन पाहून माणसाची प्रकृती ठरवावी, तसाच हा प्रकार. खर्चाला मर्यादा असेल तर तो महागात पडतो.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. ४ बाय ६ इंचांचा फोटो उत्तम छापायला साधारण २० लाख बिंदू पुरतात. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावरही जवळपास तेवढेच असतात. ए-फोर कागदाला ९० लाखांच्या आसपास लागतात. म्हणजे घरगुती वापराला १२ मेगापिक्सेल भरपूर झाले.

मग पाहायचे काय? उत्तर आपल्या डोळ्यातच आहे. तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते, तरी रंग फिके पडतात आणि बारीक अक्षरे लागत नाहीत. दृष्टिपटलातील पेशी काही कमी झालेल्या नसतात. कमी पडतो तो प्रकाश. कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र ही बाहुली आणि सेन्सर हे दृष्टिपटल. खिशात मावणाऱ्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत सेन्सरचे क्षेत्रफळ ३० चौरस मिलिमीटरच्या आत असते. एपीएस-सी प्रकारात ते ३३०हून अधिक असते. लहान सेन्सरवर जास्त बिंदू कोंबले, की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि कमी उजेडातल्या फोटोत दाणे दिसू लागतात. भिंगाचेही तसेच. एफ-१.८चे भिंग एफ-३.५च्या तुलनेत जवळपास चौपट प्रकाश आत घेते.

हा केवळ हौसेचा विषय नाही. ग्रामीण रुग्णालयातून जखमेचा किंवा त्वचेवरच्या चट्ट्याचा फोटो जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे जातो. निदान फोटोवर पक्के होत नसले, तरी कोणाला आज बोलवायचे आणि कोण आठवडाभर थांबू शकेल, हे त्यावरून ठरू शकते. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा फ्लॅशच्या झोतात पुसट होऊ शकतो. पिवळ्या दिव्याखाली जखमेभोवतीच्या लालीचा अंदाज चुकतो. अशा वेळी ४८ मेगापिक्सेल उपयोगी पडत नाहीत.

तरीही खरेदीच्या कागदावर मेगापिक्सेलचाच आकडा आधी लिहिला जातो, कारण तो मोजायला सोपा. त्याऐवजी सेन्सरचा आकार, भिंगाचा एफ-क्रमांक, जवळून फोकस करण्याची सोय, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि उजेडानुसार पांढरा रंग जुळवण्याची सोय, या गोष्टी लिहायला हव्यात. डिजिटल झूमसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. तो चित्राचा तुकडा कापून मोठा करतो, नवा तपशील देत नाही. मोठ्या सेन्सरचे जुने मॉडेल, वापरलेले असले तरी, तपासून घेतल्यास अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

दुकानात कॅमेऱ्याची परीक्षा झगमगत्या दिव्याखाली नव्हे, तर अंधाऱ्या कोपऱ्यात घ्यावी. छापील मजकुराचा फोटो काढून तो पडद्यावर मोठा करून पाहावा. अक्षरे स्वच्छ दिसली, तर तो कॅमेरा घ्यायला हरकत नाही. आणि पैसे फारच कमी असतील, तर रुग्णाला खिडकीशी बसवून, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला साध्या कॅमेऱ्याचा फोटोही तज्ज्ञाला पुष्कळ काही सांगून जातो.