जुनी गाडी आणि जड ओझें

जुन्नर तालुक्यांतील आळे हें गांव रेड्याच्या समाधीमुळें महाराष्ट्रास परिचित आहे. पैठणास ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले तो रेडा परतीच्या वाटेवर येथें निवर्तला, अशी परंपरा आहे. पखाल वाहणाऱ्या त्या मुक्या जनावरावर आसूड बसतांच वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, ही कथा घरोघरच्या मुलांस ठाऊक असते.

आज आळेफाट्यावर पुणें-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे हमरस्ते एकमेकांस छेदतात, आणि तेथील उपबाजारांत कांद्याच्या गोण्या पिकअप गाड्यांतून येतात. यंत्रावर ओढलेल्या आसुडाचा वळ मात्र कोणाच्याच पाठीवर उठत नाहीं. पुष्कळ एकत्र कुटुंबांत अशी एखादी जुनी गाडी असते. तिच्यावर किती भार घालावा हा प्रश्न सर्व घराचा आहे, म्हणून या महिन्यांत आम्ही त्याचा विचार योजिला आहे.

इंजिन ओढतें आहे तोंवर ओझें जड नाहीं, ही समजूत घातक आहे. ओढणें सोपें, थांबविणें कठीण. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकांना जिरवावी लागणारी शक्ति चौपट होते. माळशेज घाट उतरतांना ती उष्णतेच्या रूपानें ब्रेकांत सांठते. ब्रेकचें तेल जुनें असल्यास त्यानें हवेंतील ओल शोषलेली असते; तें तापून वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ लागतो. यास्तव हें तेल वेळच्या वेळीं बदलावें, आणि जो गियर घाट चढावयास लागतो तोच उतरणीस लागण्यापूर्वीं घालावा.

दुसरी चूक पाट्यांची. मागील बाजू दबते म्हणून कमानींत जादा पाटे घालण्याची चाल आहे. त्यायोगें गाडी सरळ उभी राहते खरी. परंतु ब्रेक, आंस, टायर व चेसिस पूर्वींचेच राहतात. बळ वाढत नाहीं. इशारा देणारी खूण तेवढी नाहींशी होते.

मागें ट्रॉली जोडावयाची झाल्यास तिच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा आंकड्यावर येईल अशा बेतानें माल रचावा. भार मागें गेला तर ती हेलकावे घेऊं लागते. अशा वेळीं चाक जोरानें न वळवितां वेग हळूहळू उतरूं द्यावा. बंद पडलेल्या वाहनास टोचन लावतांना अधिकच सावध असावें. कारण इंजिन बंद असतां त्याचा ब्रेक पुष्कळदां फार जड होतो.

नोंदणीपुस्तकांत भरल्या गाडीचें कमाल वजन लिहिलेलें असतें. त्यांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा केलें कीं, माणसांसह किती भार चालेल तें कळतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें जादा भारास २०,००० रुपये व वर दर जादा टनास २,००० रुपये दंड ठरला.

परंतु दंडाहून मोठी गोष्ट घरांतली. ‘आणखी दहा गोण्या घाल, एक खेप वांचेल’ असें वडिलांनीं ओट्यावरून सांगितलें, म्हणजे चाक धरणाऱ्या मुलास नाहीं म्हणणें अवघड जातें. तो अधिकार वडीलधाऱ्यांनीं त्यास आधींच देऊन ठेवावा. राहिलेल्या दहा गोण्या दुसऱ्या दिवशीं बाजारांत जातील. घाटांत गेलेला मुलगा परत येणार नाहीं.