चौथी सीट

परवा दादरहून कल्याणला निघालेल्या लोकलच्या लेडीज डब्यात एका आईने कडेवरच्या पोराच्या हाती मोबाईल दिला आणि खिडकीतल्या काकूंनी डब्याला ऐकू जाईल असं सुनावलं, ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही!’ मीही मनातल्या मनात मान डोलावली. आईने निमूट मोबाईल पर्समध्ये टाकला. पोराने असं भोकाड पसरलं की घाटकोपर यायच्या आत त्याच काकू म्हणाल्या, ‘अगं, दे बाई त्याला, डोकं उठलं!’ दिला तरी आई चुकली, नाही दिला तरी चुकलीच. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तली आईसुद्धा पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीने झोडपून विहिरीकडे पिटाळते. आज कुणी पाहिलं असतं, तर तिचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर फिरला असता. तिची माया आपल्याला कळली, कारण श्यामने ती 42 रात्री बसून सांगितली. डब्यातल्या आईचा निकाल आपण दोन स्टेशनांत लावतो. मी सरकून तिघींच्या बाकावर तिला चौथी सीट दिली. पोर मांडीवर टेकताच झोपलं.