समजून घ्या : परदेशात नोकरीला जायचंय, एजंट लावायचा की अर्ज स्वतःच करायचा?

जळगाव, धुळे : 'दुबईत तातडीने भरती', 'जर्मनी वर्क व्हिसा', 'कॅनडा पीआर, शंभर टक्के खात्री'. अशा जाहिराती आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. जळगाव आणि धुळ्यातले इंजिनीअर, आयटीआय झालेले वेल्डर-फिटर, नर्सिंग केलेल्या मुली या सगळ्यांच्या मोबाइलवर त्या रोज येतात. मग घरात चर्चा सुरू होते. एजंट दोन-तीन लाख मागतोय, केळीचे पैसे आले की देऊ, कमी पडले तर सोनं गहाण ठेवू. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, 'सगळं ऑनलाइन आहे, एजंट कशाला हवा?'

दोन्ही बाजू अर्धवट बरोबर आहेत. कारण 'एजंट' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो : नोकरी मिळवून देणं, कागदपत्रं भरून देणं आणि व्हिसा 'काढून' देणं. पैसे मोजण्याआधी आपण यातलं नेमकं काय विकत घेतोय, हे विचारलं तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

नोकरी मिळवून देणारा : इथे परवाना हवाच

परदेशातल्या मालकासाठी भारतात कामगार भरती करायची असेल, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवानाधारक एजन्सींची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही फुकट पाहता येते. बेकायदा म्हणून नोंद झालेल्या तीन हजारांहून अधिक एजंटांची नावंही मंत्रालयाने जाहीर केली आहेत. पण त्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस अधिकृत, असं समजू नये. नाव परवानाधारकांच्या यादीतच असायला हवं.

खान्देशातली अडचण वेगळी आहे. इथे भेटणारा माणूस बहुतेक वेळा 'मुंबईच्या ऑफिसचा' म्हणून ओळख करून देतो. परवाना एजन्सीला मिळतो, तिच्या नावावर गावोगाव फिरणाऱ्या उपएजंटाला नाही. अशा वेळी परवाना क्रमांक मागावा, पोर्टलवर तपासावा आणि तिथेच दिलेल्या फोनवर एजन्सीला विचारावं. एजंटाने दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही.

परवानाधारक एजन्सीलाही हवे तेवढे पैसे घेता येत नाहीत. सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये आहे. त्याची पावती मिळायला हवी. रोख मागणारा, पावती टाळणारा किंवा 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ' म्हणणारा माणूस असेल, तर तिथेच थांबावं.

दहावी पास-नापास इतका महत्त्वाचा का?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' हा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामासाठी जायचं असेल, तर आधी सरकारची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे केवळ एक शिक्का नाही. तिच्यासाठी नोकरीचा करार आणि मालकाची माहिती नोंदवावी लागते. प्रवासी भारतीय बीमा योजनाही सक्तीची आहे. तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, तर अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी विमा १० लाखांचा.

दहावी झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही. सुटका वाटावी अशी ही गोष्ट, पण ती अर्धीच सुटका आहे. कारण पदवीधर तरुणाचा करार जाण्याआधी सरकारी पातळीवर कुणी पाहतच नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत परत आणलं गेलं. अशा अड्ड्यांवर नेण्यासाठी आमिष दाखवलं जातं ते संगणकावरच्या चांगल्या नोकरीचं. म्हणजे इथे गळाला लागतो तो शिकलेला तरुण.

नर्सिंगचा नियम मात्र वेगळा आहे. या १८ देशांत नर्स म्हणून जाणाऱ्यांना २०१५ पासून, पासपोर्ट ईसीआर नसला तरी, मंजुरी आवश्यक आहे.

कागदपत्रं : बरीचशी कामं स्वतः होतात

दुसरा प्रकार सल्लागारांचा. हे नोकरी देत नाहीत. अर्ज भरून देतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनीची स्वप्नं बहुतेक इथेच विकली जातात.

कॅनडाचे अर्ज सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रतिनिधी नेमल्याने अर्जाला प्राधान्य मिळत नाही, असं तिथलं सरकारच सांगतं. जर्मनीत जाण्याची माहिती देणारं 'मेक इट इन जर्मनी' हे तिथल्या सरकारचं मोफत पोर्टल आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचं सरकारी शुल्क ७५ युरो आहे. अमेरिकेच्या एच-१बीचा अर्ज तर उमेदवार स्वतः करूच शकत नाही. तो तिथली कंपनी करते. त्यामुळे कंपनीचा पत्ता नसताना 'एच-१बी काढून देतो' म्हणणाऱ्याकडे विकायला काहीच नसतं.

खरा वेळ जातो तो इथल्या कागदांत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढणं, पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स घेणं, पदवी प्रमाणपत्राची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. त्यातही देशागणिक फरक आहे. अमिराती, कतार आणि कुवेत मात्र त्या आंतरराष्ट्रीय करारात नसल्याने दूतावासाचा शिक्का लागतो.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, पदवीवर आईचं नावही. कुठे 'पाटील'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. परदेशातला अधिकारी हे तीन वेगळे लोक समजू शकतो. म्हणून अर्जाच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग जुळवावं. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करावी. हे काम सल्लागारापेक्षा घरातला माणूस अधिक बारकाईने करतो.

मग सल्लागार कधी घ्यावा?

आधी व्हिसा नाकारला गेला असेल, पोलीस केस असेल, घटस्फोट किंवा मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल, शिक्षण-नोकरीत मोठी खंडं असतील, तर जाणकाराची फी वाया जात नाही. ज्याला नोकरी सांभाळून कागदांमागे धावायला वेळ नाही, त्यानेही पैसे देऊन वेळ विकत घेतला तर त्यात चूक नाही.

पण इथेही नोंदणी तपासता येते. फी घेऊन कॅनडाच्या अर्जात सल्ला देणारा तिथला वकील असावा लागतो किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंटांची सरकारी यादी आहे. दोन्ही याद्या ऑनलाइन आहेत. सल्लागाराशी करार लेखी हवा, फी टप्प्याटप्प्याने द्यावी आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडेही असावा. मूळ पासपोर्ट आणि मूळ पदवी कुणाकडे 'ठेवायला' देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अर्ज कुणीही भरला तरी सही उमेदवाराची असते. अर्जात खोटी माहिती आढळली तर कॅनडा पाच वर्षांची बंदी घालतो. 'ते एजंटाने लिहिलं होतं' हा बचाव सहसा चालत नाही. २०२३ मध्ये पंजाबच्या अनेक विद्यार्थ्यांवर बनावट प्रवेशपत्रांमुळे कॅनडातून बाहेर काढलं जाण्याची वेळ आली होती. पत्रं एजंटाने दिली होती, पण नोटिसा विद्यार्थ्यांना आल्या.

तिसरी गोष्ट विकतच मिळत नाही

व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या देशाचा अधिकारी ठरवतो. नोकरी शोधून देणं ही सेवा आहे, कागद भरणं ही सेवा आहे. 'व्हिसाची हमी' ही सेवा नाही. ती विकणारा एक तर खोटं बोलतोय किंवा खोटे कागद लावणार आहे.

सरकारचं काय?

सगळी जबाबदारी उमेदवारावर टाकून मात्र चालणार नाही. १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण दंडाची कमाल रक्कम २ हजार रुपये. ज्या धंद्यात एका उमेदवाराकडून लाखो रुपये घेतले जातात, तिथे या दंडाचा धाक कुणाला वाटणार? शिवाय हा कायदा भरती करणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ अर्ज भरून देणारा सल्लागार त्याच्या कक्षेत सरळ येत नाही. पंजाबने २०१२ मध्येच अशा व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा केला.

जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. आठवड्यातून एक दिवस तिथे परवाना तपासून देणारा, करार वाचून सांगणारा एक माणूस बसवला, तरी अनेक घरांचं सोनं वाचेल. फसवणाऱ्याचं कार्यालय गावाजवळ आणि खरी माहिती मुंबईत, हे अंतर कमी करणं हेच प्रशासनाचं काम आहे.

तोवर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री क्रमांक आहे. पहिला हप्ता देण्याआधी तिथे एक फोन करावा. त्याला पैसे लागत नाहीत.