हॅम्लेट कोल्हापूरचाही आहे

वाचायलाच हव्यात अशा शंभर जगप्रसिद्ध पुस्तकांची यादी हल्ली पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असते. परवा कोल्हापुरातल्या एका वाचनालयात पुस्तके बदलण्याच्या खिडकीशी कॉलेजातली एक मुलगी अशीच यादी उघडून उभी होती. होमर, दान्ते, सर्व्हान्तिस, टॉलस्टॉय. चार नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. ‘हॅम्लेट’ तिने दोनदा घरी नेले होते आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर परत आणले होते. “डेन्मार्कच्या राजपुत्राशी माझा काय संबंध?” तिने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर कोल्हापूरच्या इतिहासातच आहे.

१८८१-८२ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय जेमतेम अठरा-एकोणीस. त्यांना वेड लागले आहे असे सरकारचे म्हणणे. त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, असा लोकांचा संशय. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी तो संशय उघडपणे छापला आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले ती बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जुलै १८८२ मध्ये या वृत्तपत्रांचे संपादक आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. एका कोठडीत रात्र-रात्र त्यांचे बोलणे इतके रंगायचे की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावे लागे.

त्या तुरुंगवासात आगरकरांनी मराठीत आणायला घेतले ते ‘हॅम्लेट’. वडिलांच्या जागी चुलता गादीवर बसलेला, राजपुत्राचे वेड खरे की घेतलेले याची दरबारात कुजबुज, बाळमित्रच त्याच्यावर पाळतीला ठेवलेले. कोल्हापूरच्या राजासाठी तुरुंगात बसलेल्या माणसाला हे नाटक परके कसे वाटेल? त्यांनी हॅम्लेटला चंद्रसेन केले आणि नाटकाला नाव दिले ‘विकारविलसित’. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले शिवाजी महाराज राखणीवरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. वय वीस. पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेला मुलगा म्हणजे आपले राजर्षी शाहू.

हे ठाऊक असलेल्या माणसाने ‘हॅम्लेट’ पुन्हा उघडावे. पहिल्याच प्रवेशातला किल्ल्यावरचा रात्रीचा पहारा त्याला वेगळा दिसेल. पाळतीवर आलेल्या मित्रांशी राजपुत्र तिरके का बोलतो, हे त्याला टीपेशिवाय कळेल. अभिजात पुस्तक थोर आहे म्हणून ते वाचावेसे वाटतेच असे नाही. आपल्या मनात आधीपासून सलत असलेले काहीतरी त्यात सापडले की मग ते हातातून सुटत नाही.

आणि एकदा सापडले की माणूस एका वाचनावर थांबत नाही. कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात फारशी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी उमर खय्याम आधी मूळ फारशीवरून मराठीत आणला. मग १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपावरून ‘द्राक्षकन्या’ लिहिली. तरीही समाधान झाले नाही. तिसरा प्रयत्न ‘मधुलहरी’ त्यांच्या निधनानंतर १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची यादी एका कवीची होती आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली. याच गावात राहिलेल्या खांडेकरांनी खलील जिब्रानच्या रूपककथा तितक्याच मायेने मराठीत आणल्या.

तेव्हा शंभर पुस्तकांची यादी हाती घेणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे आहे: वर्षात दहा खुणा करण्याचा हट्ट सोडा. एकच ग्रंथ घ्या, त्याचा मराठी अनुवाद शोधा, आणि अनुवाद करणाऱ्याला तो का करावासा वाटला हेही शोधा. त्या माणसाचे बोट धरले की होमर काय, टॉलस्टॉय काय, कुणाच्याही घरात शिरता येते.

वाचनालयांकडेही एक मागणे आहे. १८५० पासून वाचनाची परंपरा सांगणारे करवीर नगर वाचन मंदिर या गावात आहे. अशा गावात ‘हॅम्लेट’ इंग्रजी विभागात आणि ‘विकारविलसित’ जुन्या नाटकांच्या कपाटात, अशी ताटातूट नको. दोन्ही शेजारी ठेवा, फळीवर आगरकरांचे नाव शेक्सपिअरच्या बरोबरीने लिहा आणि एखाद्या २५ डिसेंबरला त्यातला एक अंक मोठ्याने वाचा. त्या मुलीला ‘हॅम्लेट’ तिसऱ्यांदा घरी न्यावेसे वाटेल, अशी सोय करणे आपल्याच हातात आहे.